लहान पिस्तूल, मोठा झटका

अमेरिकेतल्या बंदुकांच्या दुकानात एक सल्ला हमखास मिळतो: हात लहान असेल तर पिस्तूलही लहान घ्या. ऐकायला पटतो, पण चुकीचा आहे. पावणेतीनशे ग्रॅमचं रुगर एलसीपी काउंटरवर तळहातावर ठेवलं की खेळण्यासारखं हलकं वाटतं. तेच रेंजवर नेऊन सहा गोळ्या झाडल्या की अंगठ्याच्या बेचक्याला आणि चापावरच्या बोटाला काय भोगावं लागतं, हे दुकानात कळायला मार्ग नसतो. मग पिस्तूल कपाटात जातं, सराव बंद पडतो, आणि रोज अंगावर बाळगायचं म्हणून घेतलेली वस्तू वर्षभरात एकदाही झाडली जात नाही.

म्हणून 'कोणत्या कॅलिबरचा, म्हणजे काडतुसाच्या कोणत्या मापाचा, झटका कमी?' हा प्रश्नच अर्धवट आहे. झटका एकट्या काडतुसाचा नसतो, काडतूस आणि पिस्तूल या जोडीचा असतो. नुसत्या कॅलिबरवर निर्णय घेणं म्हणजे एकाच बाजूची पत्रिका पाहून लग्न ठरवणं. .३८० मऊ, ९ एमएम मधलं, .४५ म्हणजे दणका, ही उतरंड कागदावर बरोबर आहे. पिस्तुलाचं वजन बदललं की ती पार उलटते.

पुढचं बरंचसं अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी आहे, कारण रोज पिस्तूल बाळगण्याची मुभा आणि डझनभर कॅलिबरांतून निवडायची चैन तिथेच आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर संघीय कायद्याने बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद तेवढे आहेत. रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेलं पिस्तूलही यातून सुटत नाही, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. ग्रीन कार्ड असेल तर ही आडकाठी नाही. भारतातल्या परवानाधारकांसाठी .३२चा भाग पुढे आहे.

गणित आधी उरकू

गोळी पुढे जाताना तिचं वस्तुमान गुणिले तिचा वेग एवढा संवेग पिस्तुलाला मागे मिळतो. त्यात जळलेल्या दारूच्या वायूची भर पडते. हा वायू नळीच्या तोंडातून गोळीच्या सुमारे दीडपट वेगाने बाहेर पडतो, असं पिस्तुलांच्या हिशेबात धरतात. ही बेरीज काडतूस ठरवतं. तिला पिस्तुलाच्या वजनाने भागलं की पिस्तूल किती वेगाने हातावर येतं ते कळतं, आणि त्यावरून ऊर्जा काढता येते, ज्यूलमध्ये. ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, त्यामुळे संवेगातला थोडासा फरक हातात चांगलाच मोठा होऊन पोचतो.

पुढचे आकडे याच हिशेबाने काढलेत. वजन रिकाम्या मॅगझीनसह धरलंय. काडतुसाच्या ब्रँडनुसार दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होईल, पण मोठे फरक तसेच राहतील.

कॅलिबरचा फरक शुद्ध स्वरूपात पाहायचा तर ग्लॉक १९ आणि ग्लॉक २३ शेजारी ठेवावीत. आकार तोच, वजन जवळपास तेच, ६७० ग्रॅमच्या घरात. पहिलं ९ एमएम, दुसरं .४० एसअँडडब्ल्यू (स्मिथ अँड वेसन). ११५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) ९ एमएम गोळी ग्लॉक १९मधून झाडली की झटक्याची ऊर्जा ६ ज्यूलच्या जरा खाली येते. १८० ग्रेनची .४० ग्लॉक २३मधून झाडली की ती १० ज्यूलला टेकते. संवेग तीस टक्क्यांनी वाढला, ऊर्जा सत्तर टक्क्यांनी. एफबीआयला हा धडा महागात पडला. एप्रिल १९८६च्या मयामीतल्या चकमकीनंतर त्यांनी मोठ्या काडतुसाचा ध्यास घेतला. आधी १० एमएम आलं, ते बहुतेकांना पेलवेना, त्यातून १९९०मध्ये.४० जन्माला आलं. पुढे २०१४मध्ये त्यांच्याच प्रशिक्षण विभागाने ९ एमएमकडे परतण्याच्या बाजूने कौल दिला. एक कारण असं की बहुतेक एजंट ९ एमएमने जास्त वेगाने आणि जास्त अचूक मारा करतात, आणि दरम्यान गोळ्यांची रचना सुधारल्यामुळे .४०चा फायदा जवळपास संपला होता. लहान पिस्तुलात .४० घेण्याचं आज मला एकही कारण दिसत नाही. वापरलेली पिस्तुलं स्वस्त मिळतात, हे सोडून.

आता वजनाची करामत पाहा. '१९११' नावाचं पोलादी, पूर्ण आकाराचं पिस्तूल, .४५ एसीपी, वजन ११०० ग्रॅम: सुमारे ७ ज्यूल. ग्लॉक ४३, ९ एमएम, वजन ५१० ग्रॅम: तेही सुमारे ७ ज्यूल! ज्या .४५ची एवढी दहशत, ती मोठ्या पिस्तुलात आणि 'मधलं' समजलं जाणारं ९ एमएम छोट्या पिस्तुलात, दोन्ही एकाच पायरीवर. तीच .४५ स्मिथ अँड वेसनच्या शील्डमध्ये, म्हणजे ५८० ग्रॅममध्ये कोंबली की १२ ज्यूलवर जाते.

पण १९११ कमरेला लावून दिवसभर गाडी चालवणं, मांडी घालून बसणं, वाकून चपला काढणं हे फार थोड्यांना जमतं. रोज बाळगायचं पिस्तूल हलकंच हवं असतं, आणि हलक्याचा झटका जास्त. सगळी ओढाताण या एका वाक्यात आहे. बाकी तपशील.

.३८०: मऊ काडतूस, कडक पिस्तूल

.३८० एसीपीची ९५ ग्रेनची गोळी ९ एमएमच्या मानाने दोन-तृतीयांश संवेग देते. म्हणजे झटकाही तेवढाच कमी असायला हवा. पण .३८०ची पिस्तुलं बनतात तीच मुळी खिशासाठी. एलसीपीमध्ये ती ६ ज्यूलच्या जवळ जाते, ग्लॉक १९च्या ९ एमएमच्या बरोबरीने. त्यात मूठ एवढी आखूड की करंगळी आणि कधीकधी अनामिकाही हवेत. दोन बोटांनी धरलेलं पिस्तूल मागे सरकत नाही, वर उसळतं, आणि चापाच्या कड्याची आतली बाजू बोटाच्या वरच्या अंगावर आपटते. बोटाला फोड येतो तो तिथेच. ३९० ग्रॅमच्या ग्लॉक ४२मध्ये तीच .३८० चार ज्यूलवर उतरते, बोटं मावतात, आणि काडतुसाचा मऊपणा खरोखर हाताला जाणवतो. एलसीपी आणि ४२ यांच्या वजनात फरक अवघा एकशेवीस ग्रॅमचा, म्हणजे एका मध्यम बटाट्याएवढा.

मात्र आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवला की वॉल्थर पीपीके फसवतं. पोलादी, पाचशे ग्रॅमच्या पुढचं, कॅलिबर तेच .३८०. हिशेबाने झटका ग्लॉक ४२पेक्षा कमी, तीन ज्यूलच्या आसपास. हातात मात्र उलटा अनुभव येतो: पीपीके टोचतं, ४२ ढकलतं. कारण आतल्या यंत्रणेत आहे. पीपीके ब्लोबॅक जातीचं. त्यात नळी चौकटीला पक्की बसवलेली असते आणि स्लाइडला, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाला, फक्त तिचं स्वतःचं वजन आणि स्प्रिंग रोखून धरतात. गोळी सुटताक्षणी स्लाइड सुसाट मागे येते आणि चौकटीच्या टोकाला धडकते. तो टणका थेट तळहातात. ग्लॉक ४२मध्ये नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या असतात. दोन्ही मिळून काही मिलिमीटर मागे येतात, मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं, कुलूप सुटतं आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते. तेवढाच झटका, पण जास्त वेळात वाटून दिलेला. शिवाय पीपीकेची स्लाइड बेचक्याच्या अगदी लगत धावते. मांसल हात असेल तर ती कातडीवर दोन समांतर ओरखडे काढते.

ब्लोबॅकचा दुसरा जाच असा की स्लाइड आवरायला स्प्रिंग कडक लागते. ज्यांच्या मनगटात जोर नाही, संधिवात आहे, ते 'मऊ' म्हणून .३८० घ्यायला जातात आणि त्यांना स्लाइडच मागे ओढता येत नाही. अशांसाठी २०१८मध्ये आलेलं शील्ड ईझेड ३८० हा खरा तोडगा आहे. स्लाइड सहज ओढली जाते, मूठ पूर्ण आकाराची, आणि वजन पाचशे ग्रॅमच्या पुढे असल्यामुळे झटका नावापुरता. ते खिशात मावत नाही, कमरेच्या होल्स्टरमध्ये मात्र निवांत बसतं.

रिव्हॉल्व्हरची गोष्ट वेगळी

पाच गोळ्यांचं छोटं अ‍ॅल्युमिनियमचं रिव्हॉल्व्हर, उदाहरणार्थ स्मिथ अँड वेसन ६४२, वजन ४१० ग्रॅमच्या आसपास, कॅलिबर .३८ स्पेशल. साध्या १५८ ग्रेनच्या काडतुसाला ६ ज्यूल, +पीला, म्हणजे जास्त दाबाच्या काडतुसाला, ७. कागदावर ग्लॉक ४३सारखंच, हातात जास्त वाईट. इथे झटका शोषायला स्लाइड नाही, स्प्रिंग नाही; जे येतं ते सरळ चौकटीतून तळव्यात. नळी हाताच्या बरीच वर असते, म्हणून तोंड जास्त उसळतं. ६४२च्या मुठीचा मागचा कणा उघडा धातूचा असतो, आणि पन्नास गोळ्यांनंतर अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागतो तो त्याचा. मागचा धातू झाकणारी रबरी मूठ बसवली की फरक लगेच कळतो. मोबदल्यात ते जाड होतं आणि खिशाच्या कापडाला चिकटतं.

.३५७ मॅग्नमच्या ३३० ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरबद्दल एकच आकडा पुरे: सतरा ज्यूलच्या पुढे. सराव होत नाही, आणि सरावाशिवाय ते निरुपयोगी.

अशा अतिहलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये एक खास बिघाड होतो. झटक्याने रिव्हॉल्व्हर झपकन मागे जातं, आणि चेंबरमध्ये थांबलेल्या काडतुसांतल्या गोळ्या जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहतात. पुंगळीने, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याने, गोळी घट्ट आवळलेली नसेल तर ती हळूहळू पुढे सरकते, सिलिंडरच्या बाहेर टोक काढते आणि सिलिंडर फिरायचा थांबतो. रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही, या समजुतीला इथे तडा जातो. तपासायची रीत सोपी आहे. पाच काडतुसं भरा, पाचव्याची लांबी आधी कॅलिपरने मोजा, चार झाडा, पाचवं काढून पुन्हा मोजा. लांबी वाढलेली दिसली तर त्या रिव्हॉल्व्हरमध्ये तो ब्रँड नको. नुसत्या शिशाच्या, जड गोळ्यांना हा त्रास जास्त होतो.

आणखी एक सूचना, पिस्तुलावरून रिव्हॉल्व्हरकडे वळणाऱ्यांसाठी. दोन्ही अंगठे पुढे काढून धरायची सवय सिलिंडरच्या फटीशी आणू नका. तिथून बाजूला सुटणारा तप्त वायू कातडी कापतो.

.३२: तिकडची नवलाई, इकडची रोजची

अमेरिकेत सध्या .३२ रिव्हॉल्व्हरची पुन्हा चलती आहे. २०२४मध्ये स्मिथ अँड वेसनने .३२ एचअँडआर मॅग्नमसाठी 'अल्टिमेट कॅरी' नावाची छोटी रिव्हॉल्व्हरं काढली. त्यांतलं ४३२ मॉडेल सुमारे ४६० ग्रॅमचं, पाचाऐवजी सहा गोळ्यांचं. झटका तीन-साडेतीन ज्यूल, म्हणजे ६४२च्या निम्म्याच्या आसपास. त्यातच .३२ एसअँडडब्ल्यू लाँग हे आखूड, जुनं काडतूसही चालतं, आणि तेव्हा झटका दोन ज्यूलवर येतो. दिवसभर शंभर गोळ्या झाडल्या तरी हात कुरकुरत नाही.

हे .३२ लाँग म्हणजे भारतातल्या परवानाधारकांचं रोजचंच काडतूस. ९ एमएम भारतात प्रतिबंधित बोअर, त्यामुळे सामान्य परवान्यावर व्यवहारात .३२ आणि .२२ यांच्याशीच गाठ पडते. कानपूरच्या कारखान्याने २०१४मध्ये काढलेलं निर्भीक हे रिव्हॉल्व्हर याच काडतुसाचं, वजन ५२५ ग्रॅम. झटका दोन ज्यूलच्याही खाली. म्हणजे भारतात .३२च्या झटक्याची तक्रार करणाऱ्यांचं दुखणं खरं तर झटक्याचं नसतंच. डबल-अ‍ॅक्शन चाप, म्हणजे एकाच ओढीत घोडा उचलून सोडणारा, ओढायला चार-पाच किलोचा जोर लागतो. तो ओढता ओढता सगळी मूठ आवळली जाते आणि गोळी सुटायच्या आधीच माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, खाली-डावीकडे जाते. (डावखुऱ्यांची उजवीकडे.) उपाय रिकाम्या रिव्हॉल्व्हरवरचा कोरडा सराव: भरलेली काडतुसं दुसऱ्या खोलीत, चेंबरमध्ये डमी काडतुसं, समोर पक्की भिंत, माशीवर एक नाणं तोलून धरायचं आणि ते न पाडता चाप शेवटपर्यंत ओढायचा. रोज वीस वेळा केलं तरी पुरतं.

एक गोंधळ इथेच निस्तरू. .३२ एसीपी, म्हणजे पिस्तुलाचं ७.६५ एमएम, आणि रिव्हॉल्व्हरचं .३२ लाँग ही दोन वेगळी काडतुसं आहेत. दोघांनाही लोक नुसतं 'पॉइंट थ्री टू' म्हणतात. काडतूस खरेदी करताना परवान्यातला शस्त्राचा तपशील आणि पेटीवरचं पूर्ण नाव जुळवून घ्यावं. .३२ एचअँडआर मॅग्नम तर .३२ लाँगच्या रिव्हॉल्व्हरमध्ये कधीच घालायचं नाही. उलट दिशेने, म्हणजे मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये लाँग, चालतं.

.३२ एसीपीची खिशातली पिस्तुलंही आहेत. केल-टेक पी३२ रिकामं १८७ ग्रॅमचं, मोबाइलपेक्षा हलकं. हिशेबाने साडेचार ज्यूल येतात, पण आवाज आणि भडका कमी म्हणून हाताला एलसीपीच्या निम्मंच वाटतं. याची खोड वेगळी. .३२ एसीपीच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते. पोकळ टोकाच्या गोळ्यांचं काडतूस थोडं आखूड असतं, त्यामुळे झटक्याने मॅगझीनमध्ये ते पुढे-मागे सरकतं आणि वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे जाऊन अडकते. हे बोटाने सुटत नाही, मॅगझीन उसकटावं लागतं. म्हणून या पिस्तुलात पूर्ण धातूच्या आवरणाची, पूर्ण लांबीची काडतुसंच बरी.

बालेवाडीसारख्या रेंजवर .२२ किंवा .३२ वॉडकटरवर (सपाट तोंडाच्या सरावाच्या गोळीवर) घडलेल्या नेमबाजांना अमेरिकेत छोटं ९ एमएम हातात घेतल्यावर एक अडचण येते. चापाची शिस्त त्यांची उत्तम असते, तिला तोड नाही. पण किलोभर वजनाचं स्पर्धेचं पिस्तूल, हाताच्या मापाची लाकडी मूठ आणि एका हाताची ढब यांनी मनगटाला वेगळंच वळण लागलेलं असतं. छोट्या ९ एमएमला दोन्ही हातांची पकड आणि ताठ मनगट लागतं. ते मिळालं नाही तर पिस्तूलच अडतं.

मनगट सैल पडलं की काय होतं

स्लाइडला पूर्ण मागे जाऊन पुंगळी फेकायला आणि नवं काडतूस उचलायला एक स्थिर चौकट लागते. मनगट ढिलं असेल तर चौकटही स्लाइडबरोबर मागे जाते, स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो, आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत उभी अडकते. पिस्तूल जितकं हलकं तितका हा धोका मोठा, कारण हलकी चौकट स्वतःच्या वजनाने थांबत नाही. नवशिके पिस्तुलाला दोष देतात. तेच पिस्तूल दुसऱ्या हातात सुरळीत चाललं की दोष कुठे आहे ते कळतं.

धरायचं कसं: जोराच्या हाताचं बेचकं मुठीच्या मागच्या खाचेत जेवढं वर जाईल तेवढं घट्ट बसवा, मात्र स्लाइडच्या वाटेत नको. उरलेल्या मोकळ्या जागेवर दुसऱ्या हाताच्या तळव्याचा मांसल भाग टेकवा आणि ते मनगट थोडं पुढे झुकवून कुलूपबंद करा. आवळायचं काम जास्त करून आधाराच्या हाताने. चापाचा हात जितका मोकळा, तितकं बोट स्वतंत्र चालतं. कोपरं किंचित वाकलेली, वजन पायांच्या चवड्यांवर. करंगळी लटकत असेल तर मॅगझीनचा तळ बदलून बोटभर वाढीव टेकू बसवा. पंधरा-वीस डॉलरच्या त्या तुकड्याने जो आराम पडतो तो कॅलिबर बदलूनही पडत नाही.

झटका कमी व्हावा म्हणून जास्त कडक स्प्रिंग टाकायची टूम मात्र टाळा. स्लाइड मागे यायला कुचराई करते, पुढे येताना धाडकन आपटते आणि तोंड खाली जातं. पुंगळ्या पायाशी पडायला लागतात. मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे मूळ वजनाची नवी स्प्रिंग वेळेवर घालणं एवढंच पुरेसं.

काडतुसाच्या पेटीवरून अंदाज

पेटीवर गोळीचं वजन ग्रेनमध्ये आणि वेग फूट प्रति सेकंदात छापलेला असतो. दोन्हींचा गुणाकार करा, हजाराने भागा. स्पर्धांत याला पॉवर फॅक्टर म्हणतात. .३२ लाँग ६९, .३८० सुमारे ९०, .३८ स्पेशल ११९, ९ एमएम १३०च्या आसपास, .४० म्हणजे १८०, .४५ म्हणजे १९०. या आकड्याला पिस्तुलाच्या औंसातल्या वजनाने भागा. ग्लॉक १९ला साडेपाच येतात, ग्लॉक ४२ला साडेसहा, ग्लॉक ४३ला सव्वासात, ६४२ला सव्वाआठ, एलसीपीला आणि .४५ शील्डला नऊच्या वर, .३५७च्या हलक्या रिव्हॉल्व्हरला पंधरा. माझी ढोबळ सीमा अशी: सहापर्यंत कुणीही आनंदाने सराव करतो, आठपर्यंत शिकून पेलता येतं, नऊच्या पुढे तिसऱ्या मॅगझीनला माणूस घड्याळ बघायला लागतो. पीपीकेसारख्या ब्लोबॅकला यात दोन जोडून धरावेत. पेटीवरचा वेग साधारण चार इंची नळीचा असतो. तीन इंचीत तो पन्नास ते शंभर फुटांनी घसरतो, म्हणून लहान पिस्तुलाचा आकडा किंचित फुगलेला येतो.

९ एमएममध्ये ११५, १२४ आणि १४७ ग्रेन यांचा संवेग जवळपास सारखाच निघतो. तरीही १४७चा झटका बहुतेकांना सौम्य वाटतो. जड गोळी सावकाश जाते, दारू कमी लागते, भडका आणि कर्कश आवाज कमी. टणक्याऐवजी ढकल मिळते. नळीच्या तोंडाशी भोकं असलेलं कॉम्पेन्सेटर लावलं असेल तर मात्र गणित उलटं. त्याला वर फेकायला भरपूर वायू लागतो, तेव्हा ११५ किंवा १२४चं तेज काडतूसच उपयोगी, १४७वर तो नुसता दागिना. आणि पिस्तूल पोटाशी धरून झाडावं लागलं तर तोच वायू तोंडावर येतो.

९ एमएममध्ये कमी झटक्याचं म्हणून १०० ग्रेनचं हॉर्नाडी क्रिटिकल डिफेन्स लाइट मिळतं. पॉवर फॅक्टर ११२, म्हणजे.३८०कडे झुकलेलं. ६४२साठी १४८ ग्रेनचं साधं वॉडकटर हाच सर्वांत समंजस पर्याय. न्यू जर्सीत सामान्य नागरिकाला पोकळ टोकाची गोळी भरून बाळगता येत नाही, त्यामुळे एडिसन-जर्सी सिटीकडच्या मंडळींना पॉलिमरने टोक भरलेल्या गोळ्यांकडे वळावं लागतं. कोणतंही सौम्य काडतूस घेतलं तरी त्या पिस्तुलात किमान शंभर गोळ्या न अडखळता चालल्याशिवाय ते भरवशाचं धरू नये, कारण मऊ काडतूस आणि नवी कडक स्प्रिंग यांचं पटत नाही. २०२२मध्ये आलेल्या .३० सुपर कॅरीचा बोलबाला दोन जादा गोळ्यांसाठी होता. पॉवर फॅक्टर १२५, दाब जास्त, भडका मोठा. झटक्याच्या दृष्टीने ९ एमएमच.

रेंजवर तुलना करायची तर

भाड्याने पिस्तुलं देणारी रेंज गाठा. कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही लावा. बंदिस्त रेंजमध्ये पिस्तुलाचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो, आणि ज्याला झटका समजून माणूस दचकतो त्यात बराच वाटा आवाजाचा असतो. हलक्यापासून जडाकडे जा. उलट क्रमाने गेलात तर पहिल्याच पिस्तुलाने लावलेली दचकण्याची सवय बाकीच्यांचे निकाल नासवते.

सात यार्डांवर सहा इंची कागदी बशी लावा. पाच गोळ्या, सगळ्या बशीत, जमेल तेवढ्या लवकर. शॉट टायमर दोन गोळ्यांमधला वेळ दाखवतो. प्रत्येक पिस्तुलावर हे पाच वेळा करा, म्हणजे पंचवीस गोळ्या, आणि पहिली फेरी धरू नका. पाचही गोळ्या बशीत ठेवून दोन गोळ्यांमधला वेळ अर्ध्या सेकंदाच्या आत राहिला तर ती जोडी तुमच्या हाताला झेपते. एखादं पिस्तूल शेजारच्यापेक्षा पाव पटीने हळू पडत असेल किंवा चौथी-पाचवी गोळी बशीबाहेर जात असेल, तर हातातला झटका कितीही 'ठीक वाटला' तरी निकाल तोच. वाटणं आणि टायमर यांत फरक पडला तर टायमरचं ऐका. काही रेंज जलद गोळीबार करू देत नाहीत. तिथे ओळीत एक सेकंद मोजून झाडा आणि फक्त बशीतली भोकं मोजा.

शेवटी मॅगझीनमध्ये दोन डमी काडतुसं दुसऱ्याकडून कुठेही भरून घ्या. डमीवर चाप ओढला गेला आणि नळी खाली डुबकली, तर ते दचकणं आहे, झटका तिथे शून्य होता. अशा वेळी त्या दिवशी जड पिस्तुलावर आणखी पेटी संपवू नका. .२२वर उतरा, एलसीपीच्याच आकाराच्या.२२मध्ये झटका जेमतेम एक ज्यूल असतो. पन्नास गोळ्या त्यावर झाडा, पुन्हा डमी घाला, आणि नळी स्थिर राहिली की मगच वरच्या कॅलिबरचं एक मॅगझीन भरा.